टाळीचं उत्तर

सोलापुरातल्या शाळांची सहल कधी ना कधी विजापूरला जातेच. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून रात्री परत, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अरुंद जिने चढून गोल घुमटाच्या वरच्या सज्जात पोचलं की पोरं तेच करतात, जे त्यांच्या आईबापांनी त्यांच्या सहलीत केलेलं असतं. टाळी वाजवायची आणि मोजायचं. कुणी सात म्हणतं, कुणी दहा. सर 'शांत बसा' म्हणून ओरडतात आणि घुमट त्यांनाही तितक्याच वेळा ओरडून दाखवतो.

पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं, पण त्या क्षणी ती ध्वनिशास्त्रातली एक मानाची मोजणी करत असतात. वास्तूचा आवाज टिपायचा तर शास्त्रज्ञही हेच करतात. टाळी वाजवतात, फुगा फोडतात, कोऱ्या काडतुसाचा बार काढतात. अलीकडे खर्जापासून पार टिपेपर्यंत सरकत जाणारा एक सलग सूर स्पीकरमधून सोडतात. मग वास्तू काय म्हणते ते माइकवर टिपून घेतात. ह्या नोंदीला शास्त्रात इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. टाळीला वास्तूने दिलेलं उत्तर, एवढं म्हटलं तरी पुरे. हे उत्तर एकदा हाती आलं, की कोरड्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेलं कुठलंही गाणं, कुठलंही भाषण गणिताने त्यात मुरवता येतं आणि ते त्या वास्तूतच म्हटल्यासारखं ऐकू येतं. मग ती वास्तू उभी असो, जळालेली असो, नाहीतर तिच्या जागी वाहनतळ झालेला असो. नाहीशी झालेली नाट्यगृहं जगात ठिकठिकाणी अशी कानापुरती पुन्हा उभी केली जात आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण संगणकाचं कौतुक करून थांबतात. मला मात्र त्या उत्तराचंच रसग्रहण करावंसं वाटतं. जेमतेम दोन-तीन सेकंदांचा तो मजकूर, पण वाचायला बसलं की ओळीओळीने अर्थ सुटत जातो.

पहिली ओळ कोरी. टाळी वाजलेली असते, पण दहा मीटरवरच्या माइकपर्यंत यायला आवाजाला सेकंदाचा साधारण चौतिसावा भाग लागतो. तेवढा वेळ कागदावर काहीच नसतं. मग येतो तो थेट आवाज, मध्ये कुठेही न टेकलेला. एवढंच ऐकू आलं असतं तर ते नाट्यगृह नसून उघडं माळरान असतं. खरी गंमत त्याच्या पाठोपाठच्या पन्नास मिलिसेकंदांत आहे. तिथे काही सुटे ठोके दिसतात: हा डावीकडच्या भिंतीचा, हा छताचा, हा सज्जाच्या कठड्याचा, हा रंगमंचाच्या फळ्यांचा. पन्नास मिलिसेकंदांत आवाज १७ मीटर जातो, म्हणजे थेट वाटेपेक्षा सतरा मीटरपर्यंतचा वळसा घालून आलेले हे आवाज. कान त्यांना वेगळे मोजत नाही, थेट आवाजाच्या पदरात टाकतो. त्यामुळे शब्द भरदार होतो आणि तरी त्याची कड शाबूत राहते. अमक्या नटाचा शब्द शेवटच्या रांगेत जसाच्या तसा पोचायचा, असं जुने लोक सांगतात, तेव्हा निम्मं श्रेय त्या नटाच्या फुप्फुसांचं आणि निम्मं ह्या चार-पाच ठोक्यांचं असतं. त्यातले बाजूच्या भिंतींवरून आलेले ठोके दोन कानांना किंचित वेगवेगळे पोचतात, आणि आपण आवाजासमोर नव्हे, आवाजात बसलो आहोत असं वाटायला लागतं.

त्यापुढे ठोके इतके दाट होतात की वेगळे काढता येत नाहीत. उरते ती विरत जाणारी आस. आवाज साठ डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे त्या वास्तूचा निनादकाळ. संगीत नाटकाच्या दृष्टीने सगळा निवाडा ह्या शेवटच्या ओळीत होतो. सेकंदाला आठ सूर पडतील अशी तान घ्या. निनादकाळ एक सेकंद असेल, तर नवा सूर येतो तेव्हा आधीचा साडेसात डेसिबल खाली गेलेला असतो. तानेचा दाणा दिसतो. तोच काळ दोन सेकंदांचा झाला, तर आधीचा सूर चार डेसिबलसुद्धा उतरलेला नसतो आणि तानेचे सूर एकमेकांत कालवले जातात. उलट संथ आलापाला, ठेवलेल्या षड्जाला तेच दोन सेकंद अंगाखांद्यावर घेतात. कुठल्या गवयाला कुठलं थिएटर मानवायचं, ह्याच्या ज्या गप्पा नाटकमंडळीत होत असतील, त्यांच्या मुळाशी हा एवढा हिशोब आहे.

आता गोल घुमटाचं उत्तर वाचून पाहा. समोरची भिंत सुमारे ३८ मीटरवर. जाऊन-येऊन ७६ मीटर, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त वेळ. पन्नास मिलिसेकंदांच्या पदरात हे बसणं शक्यच नाही, म्हणून तो ठोका स्वतंत्र प्रतिध्वनी होऊन येतो, आणि वक्र भिंत त्याला पुन्हा पुन्हा गोळा करून परत पाठवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या आसपास कुजबुजत्या सज्ज्यांचा अभ्यास केला, त्यात लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलबरोबर हा घुमटही होता. मुहम्मद आदिलशहाच्या ह्या कबरीला मी अजोड वाद्य म्हणेन, नाट्यगृह म्हणून मात्र ती कुचकामी आहे. तिथे कुणी पद म्हटलं तर पहिल्या चरणावर दुसरा चरण येऊन पडेल. विजापूरजवळच तोरव्याला संगीत महालाचे पडके अवशेष आहेत. संगणकावर उभं करून ऐकायचंच असेल तर माझं मत त्या महालाला. घुमटाकडे सहलीच्या पोरांचं लक्ष आहे.

वास्तू जळण्याआधी तिचं उत्तर टिपून ठेवलं गेलं, असं सहसा होत नाही. पण झालं आहे. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ च्या रात्री जळालं. त्याच्या साधारण दोन महिने आधी लाम्बेर्तो त्रोंकिन आणि आंजेलो फारिना ह्या दोन इटालियन ध्वनिशास्त्रज्ञांनी तिथे मोजण्या केल्या होत्या, त्याही माणसाच्या डोक्याचा पुतळा खुर्चीत ठेवून आणि त्याच्या दोन्ही कानांत माइक बसवून. आगीचं भाकीत अर्थातच त्यांना नव्हतं. इटलीतल्या जुन्या नाट्यगृहांचा अभ्यास म्हणून त्यांनी ते केलं होतं. आग लागली, भिंतींच्या आतलं सगळं गेलं, आणि त्यांच्याकडच्या नोंदींची किंमत एका रात्रीत बदलली. नवं ला फेनिचे डिसेंबर २००३ मध्ये उघडलं. जुन्या सोनेरी नक्षीची नक्कल छायाचित्रांवरून करता येत होती, पण नवा आवाज जुन्याशी ताडून बघायला त्या नोंदींखेरीज दुसरा आधार काय होता? लोकांच्या आठवणी होत्या, पण आठवणीतलं नाट्यगृह नेहमीच चांगलं वाजतं.

पॅरिसच्या नोत्र दामचंही असंच. ब्रायन कात्झ यांच्या गटाने २०१३ मध्ये तिथे मोजण्या केल्या आणि त्याच वर्षी तिथे झालेल्या मासने यांच्या 'ला व्हिएर्ज'च्या मैफलीचं ध्वनिमुद्रण हाताशी धरलं. वादकांच्या अगदी जवळ ठेवलेल्या माइकांमुळे वास्तूचा आवाज त्यात फार थोडा आला होता. पुढे संगणकावरच्या कॅथीड्रलमध्ये ते वादक पुन्हा बसवले गेले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ह्या कामाकडे जगाचं लक्ष गेलं. ते ऐकताना मला त्याची भव्यता फारशी भिडली नाही, त्यातली चाल भिडली. श्रोता वेदीपासून मागे मागे जातो, तसा थेट आवाज बारीक होत जातो आणि निनाद मात्र जवळपास तेवढाच राहतो. एक वेळ अशी येते की वाद्यं कुठे आहेत ते कळत नाही, फक्त वास्तू वाजत असते. जवळ आणि दूर हा भेद आपण आवाजाच्या लहानमोठेपणावरून ओळखतो असं वाटतं. खरं तर तो ह्या दोन आवाजांच्या प्रमाणावरून ओळखतो. स्वस्तातल्या तिकिटावर बसणाऱ्याला हे कायम ठाऊक होतं.

पण ज्या वास्तूत कुणी टाळी वाजवून ठेवलेली नाही तिचं काय? तिथे नकाशावरून, छायाचित्रांवरून, पडक्या पायावरून घडण करावी लागते. संगणकात भिंती उभ्या करायच्या, नटाच्या जागेवरून लाखभर किरण सुटतात असं धरायचं, प्रत्येक किरण कुठे आपटला, तिथे किती गिळला गेला, किती उडाला, हे मोजत जायचं. ही किरणांची युक्ती सभागृहांसाठी पहिल्यांदा नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये वापरली. २००३ ते २००६ ह्या काळात युरोपच्या एराटो प्रकल्पाने अशाच पद्धतीने ग्रीक-रोमन काळातली उघडी रंगमंडळं उभी केली. भूमिती हा ह्यातला सोपा भाग. अडतं ते पदार्थांपाशी, म्हणजे कुठली वस्तू किती आवाज गिळते ह्याच्यापाशी. आणि सगळ्यात जास्त आवाज गिळणारी वस्तू नकाशात नसते, कारण ती तिकीट काढून येते.

इथे आपल्याकडचा एक जुना मजकूर उपयोगी पडतो. भरतांच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृह कसं असावं ते सांगितलं आहे. माणसांसाठी मध्यम मापाचं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद घर पुरे. त्याहून मोठं केलं तर म्हटलेलं अस्पष्ट होतं आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. घर डोंगरातल्या गुहेच्या आकाराचं असावं, दोन भूमींचं असावं, खिडक्या लहान असाव्यात, आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज गंभीर होतो. दोन भूमी म्हणजे नेमकं काय ह्यावर टीकाकार अभिनवगुप्तांच्या काळीही एकमत नव्हतं, तो वाद बाजूला ठेवू. मला भरतांची कारण सांगण्याची पद्धत आवडते. मापं पवित्र आहेत म्हणून ती पाळा, एवढं म्हणून ते थांबत नाहीत. ऐकू येणार नाही, दिसणार नाही, असं सांगतात.

ह्या घराचं ढोबळ गणित करून पाहू. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. निम्मी लांबी रंगमंच आणि नेपथ्याकडे गेली की प्रेक्षकांना उरतो ३२ हातांचा चौरस, सुमारे १४.४ मीटर बाजूचा. म्हणजे शेवटच्या माणसापासून रंगमंचाची कड पंधरा मीटरच्या आत. उंची सात मीटर धरली तर घनफळ साडेचौदाशे घनमीटर. सबाइन यांचं सूत्र असं: घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि सगळ्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचं. भिंती, छत, जमीन गुळगुळीत आणि कठीण, शंभरातला पाचच भाग गिळणारी धरली, तर रिकाम्या घराचा निनादकाळ येतो पावणेसहा सेकंदांच्या आसपास. अशा घरात कालिदासाचं काहीही कळायचं नाही. आता त्यात चारशे माणसं दाटीवाटीने बसवा. एका माणसाचं शोषण ०.४ चौरस मीटर धरलं तरी तोच काळ सव्वा सेकंदाच्या खाली येतो. वीट, लाकूड, चुना काहीही न बदलता निकामी खोलीचं उत्तम नाट्यगृह झालं. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, निष्कर्ष हलणार नाही. प्रेक्षक हा नाट्यगृहाच्या बांधकामाचा भाग आहे, आणि रिकाम्या थिएटरात घेतलेलं टाळीचं उत्तर अर्धंच उत्तर असतं.

हे सूत्र ज्यांनी दिलं त्या वॉलेस सबाइन यांची कथा सोलापूरकराला आवडावी अशी आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं एक नवंकोरं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. वक्त्याचा शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइन तरुण प्राध्यापक. ते रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, सभागृहात मांडत, ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवून थांबवत आणि तो विरायला लागणारा वेळ मोजत. पहाटेच्या आत गाद्या परत. सुरुवातीला त्यांचं शोषणाचं मापसुद्धा 'इतके मीटर गादी' असंच होतं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडे बदलले की आकडे बदलतात. आधीच्या मोजण्या त्यांनी टाकून दिल्या आणि त्यानंतर दर वेळी तोच पोशाख घालून काम केलं. हे काम सोलापुरात झालं असतं तर शोषणाचं एकक चादर किंवा टर्किश टॉवेल झालं असतं, ह्यात मला शंका नाही. आवाज गिळणारा माल विणून देशभर पाठवणारं गाव आहे हे.

विनोद सोडला तरी मुद्दा कपड्यांचाच आहे. सभागृहांचं ध्वनिगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पदार्थांच्या याद्या तयार मिळतात. काँक्रीट, लाकडी फळ्या, जाड पडदा, गादीच्या खुर्चीत बसलेला प्रेक्षक. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी थिएटरात मात्र पिटातले लोक जाजमावर किंवा बाकांवर खेटून बसलेले असत, डोक्याला पागोटी-रुमाल, खांद्यावर उपरणं. बायकांच्या वेगळ्या भागात नऊवारी लुगड्यांचे थरावर थर, मांडीवर झोपलेली मुलं. ह्या श्रोत्याचा शोषणांक युरोपातल्या खुर्चीवरून काढणं मला पटत नाही. पन्नास-साठ माणसं तशा पेहरावात, तशी मांडी घालून, निनादकक्षात बसवून मोजायला हवीत. खर्च चहाचा आणि प्रवासाचा. सोलापूरच्या पिटात तर मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारे शेजारी शेजारी असणार. शोषणाला भाषा नसते, दादेला मात्र असते, आणि ती दादही त्या घराच्या आवाजातच धरायला हवी.

दुसरी गोष्ट पडद्यांची. कंपन्या रेल्वेने गावोगाव जात, सामानात रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या असत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आधी अशा पडद्यांसाठीच नावाजले होते. कोरं कापड आवाज गिळतं. रंगाचा, सरसाचा लेप बसला की त्याची छिद्रं बुजतात आणि तेच कापड मधला-वरचा आवाज परतवायला लागतं. नाटकात मागे राजवाड्याची मांडामांड चालू असताना पुढे रस्त्याचा पडदा सोडून प्रवेश होत. नट तेव्हा प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात आणि पाठीला लागून रंगवलेला पडदा. त्याच्या आवाजाला एक-दोन मीटरवर परावर्तक मिळाला. मग पडदा वर गेला, खोल दरबार उघडला, आणि नटाचा आवाज किंचित मागे सरला. नाटककाराने हा प्रवेशांचा क्रम सोयीसाठी लावलेला असला, तरी कानाला त्यातून जवळ-दूरचा खेळ मिळत असणार. संगणकावर जुनं थिएटर उभं करायचं तर ते एकच एक उभं करून चालणार नाही. प्रत्येक पडद्यागणिक वेगळं उत्तर काढावं लागेल.

अशी मेहनत एखाद्या मराठी प्रयोगासाठी घ्यायची ठरली, तर निवड अवघड नाही. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान'. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. आपल्या रंगभूमीच्या आठवणींत ह्या रात्रीइतकी घोटलेली दुसरी रात्र नसेल. तिचं ध्वनिमुद्रण नाही. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

दोन आवाज समोरासमोर होते आणि घर एकच होतं. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, वरच्या सप्तकात बिनदिक्कत जाणारा. बालगंधर्वांचा मवाळ, लगावात मिठास, सुरावरून सुरावर अलगद सरकणारा. घर पहिल्याला वेगळं उत्तर देणार, दुसऱ्याला वेगळं. चढ्या आवाजाची आस मोठी उठते, त्यावर पुढची तान टाकायची तर क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच पडसादावर पाय पडतो. मवाळ आवाजाला पहिल्या पन्नास मिलिसेकंदांतल्या ठोक्यांचा आधार जास्त. भिंती जवळ असतील तर तो फुलतो, लांब असतील तर शेवटच्या रांगांत विरतो. जुलैची मुंबई म्हणजे दमट हवा, आणि दमट हवेत बारीक, वरचे स्वरांश कमी गिळले जातात. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत ते अधिक गिळले जातात. थिएटरच्या अंतरात हा फरक थोडाच, पण गणितात तपमान आणि आर्द्रता भरावीच लागते. त्या रात्री कोण जिंकलं ह्यावर लोक शंभर वर्षं भांडत आले आहेत. घराचं उत्तर हाती आलं, तर निदान घराने कुणाची बाजू घेतली असती हे सांगता येईल.

इथे एक मोह होतो. दोघांच्याही ध्वनिमुद्रिका आहेत. त्या काळचं मुद्रण कर्ण्यात तोंड घालून, लहानशा बंद खोलीत होई, त्यामुळे तबकडीवर घराचा निनाद जवळजवळ नाहीच. गणिताला हवा असतो तसाच कोरडा आवाज. म्हणजे आपल्याकडे घर नसलेला आवाज आहे, संगणकाकडे आवाज नसलेलं घर आहे. घातला एक दुसऱ्यात की झालं. मला हे पटत नाही. पहिली अडचण यांत्रिक. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ च्या सुमारास, म्हणून केशवरावांच्या सगळ्या तबकड्या कर्ण्याच्याच काळातल्या. कर्ण्याला ऐकू यायचं ते सेकंदाला साधारण दोनशेपासून अडीच-तीन हजार कंपनांपर्यंत. 'स', 'श', 'च' ह्यांची धार त्याच्या वर असते. घर कितीही अचूक बांधा, शब्द बोथटच राहणार.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. कर्ण्यासमोरचा गवई त्या कर्ण्यासाठी गात होता. तीन मिनिटांत पद उरकायचं, चढा सूर आला की मान मागे घ्यायची, प्रेक्षक नाही, वन्समोअर नाही. थिएटरात तो घराचं उत्तर ऐकून पुढचा सूर टाकत असे. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये बिसेरा पेंचेव्हा आणि जोनाथन एबल यांच्या गटाने इस्तंबूलच्या आया सोफियाचं उत्तर तिथे फोडलेल्या फुग्यांच्या आवाजावरून काढलं, आणि मग कापेला रोमाना ह्या गायकवृंदाला त्या निनादात प्रत्यक्ष गायला लावलं. निनाद दहा सेकंदांहून लांब. गायकांना घर ऐकू येत होतं म्हणून त्यांची लय, त्यांचे थांबे त्या घराप्रमाणे बदलले. हा मार्ग मला खरा वाटतो. तबकडीवरचे बालगंधर्व तबकडीवर राहू द्यावेत. आजचा नाट्यगीतं गाणारा तयार गळा बालीवाला थिएटरच्या बांधून काढलेल्या निनादात उभा करावा, कानात ते घर ऐकवावं, माइकचा भरवसा काढून घ्यावा आणि ऑर्गन, सारंगी, तबला साथीला देऊन पद म्हणायला सांगावं. पाचव्या-सहाव्या वेळेला तो कुठे थांबतो, कुठे आवाज आवरतो, कुठला शब्द पुढे फेकतो, ते बघावं. जुन्या गायकीतल्या ज्या गोष्टींना आपण सवय किंवा लकब म्हणतो, त्यांतल्या किती घराच्या सांगण्यावरून आल्या होत्या, ते तिथे कळू लागेल.

केशवरावांचं नाव असलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते बांधून पुरं केलं, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. दगडी भिंती उभ्या राहिल्या. छप्पर, रंगमंच आणि आतलं बाकीचं बरंचसं गेलं. पुन्हा बांधताना जुन्या कमानी, जुना दर्शनी भाग ह्यांची चर्चा भरपूर होते, कारण त्यांची छायाचित्रं आहेत. आवाजाबद्दल मात्र 'पूर्वीसारखाच ठेवू' एवढ्या आश्वासनावर काम भागू नये. भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांची मापं आहेत. तिथे वर्षानुवर्षं झालेल्या प्रयोगांचे खाजगी व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये, कपाटांत असतील. टाळ्यांचा कडकडाट थांबतो तिथे घराची आस उघडी पडते, आणि अशा तुकड्यातून निनादकाळाचा बरा अंदाज काढता येतो. प्रेक्षकांनी नकळत टाळीचं उत्तर टिपून ठेवलेलं असतं, तेही भरल्या थिएटरातलं, जे व्हेनिसच्या त्या दोघांनाही मिळालं नव्हतं.

राहिलेल्या घरांचं काम त्याहून सोपं. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, पुण्याचं भरत नाट्य मंदिर, गावोगावची नगरपालिकांची नाट्यगृहं. सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिरही त्यात घ्यावं. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या नावाने ते उभं आहे. हल्ली कुठल्याही नाट्यगृहात नटाच्या गालाला माइक चिकटलेला असतो आणि आपण स्पीकर ऐकून घरी येतो, त्यामुळे ह्या घरांचा स्वतःचा आवाज कसा आहे हे नेहमीच्या प्रेक्षकालाही सांगता येणार नाही. खर्जापासून टिपेपर्यंत सरकणाऱ्या सुराची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती २००० मध्ये रूढ केली ती ला फेनिचेवाल्या फारिना यांनीच. त्याला एक बरा स्पीकर, दोन माइक आणि एक लॅपटॉप लागतो. रिकाम्या घरात एकदा मोजायचं, आणि मग हाउसफुल्ल प्रयोगाच्या रात्री तिसरी घंटा झाल्यावर, पडदा उघडण्याआधी, व्यवस्थापकाने पुढे येऊन प्रेक्षकांकडे अर्धा मिनिट मागून घ्यायचं: मोबाइल बंद, खोकला आवरा, लहान मुलांना थोपटा. त्या अर्ध्या मिनिटात वातानुकूलन आणि पंखे बंद ठेवावे लागतील, तेव्हा सोलापुरात तरी हा बेत मे महिन्यात आखू नये.